दाब कुठे कमी पडतो?

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी आपल्याशी कागदकामाविषयी बोलणार आहे. डाय, म्हणजे धारदार कडांचा नक्षीचा साचा, कागदावर दाबून कापणाऱ्या डाय कटिंगच्या हातयंत्राने कागदाची नक्षी कापून शुभेच्छापत्रे, आहेराची पाकिटे आणि फोटो व आठवणी जपणाऱ्या वह्या, ज्यांना आता घरोघरी स्क्रॅपबुक म्हटले जाते, त्या कशा सजवाव्यात, हा आजचा विषय आहे. गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला हे यंत्र गेली नऊ वर्षे आहे आणि या नऊ वर्षांत मला सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न एकच आहे : मशीन कोणते घेऊ? माझे उत्तरही ठरलेले आहे. मशीन आपल्या ऐपतीप्रमाणे कोणतेही घ्या, पण त्याआधी कागद ओळखायला शिका.

यंत्र समजायला अवघड नाही. एकावर एक असे दोन रूळ, त्यांच्यामध्ये ठरावीक फट आणि बाजूला फिरवायचा दांडा. रसवंतीच्या चरकातून उसाचे कांडे जावे, तशी त्या फटीतून आपली थप्पी जाते. थप्पीत सर्वांत खाली आधाराची पाटी, तिच्यावर पारदर्शक प्लॅस्टिकची जाड कटिंग प्लेट, त्यावर डाय, डायवर कागद आणि कागदावर पुन्हा एक कटिंग प्लेट. डायची धार कागदाकडे हवी. पुन्हा सांगते, धार कागदाकडे. ती उलटी ठेवली, तर नक्षी प्लेटवर उमटते आणि कागद जसाच्या तसा बाहेर येतो. दांडा फिरवताना प्लेटमधून काडकाड आवाज येतो, त्याला घाबरू नका. तो नेहमीचाच आहे. प्लेट मात्र दर वेळी पालथी घाला, नाहीतर एकाच बाजूने दाब बसून ती वाकते.

डाय दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात पोलादी पात्यांच्या पट्ट्या वळवून बसवलेल्या असतात आणि त्यांच्याभोवती फोम असतो. ही डाय जाड पुठ्ठा, फेल्ट, सुती कापडसुद्धा कापते. दुसऱ्या प्रकारच्या डाय पातळ पत्र्याच्या, रसायनाने कोरलेल्या असतात, आणि वेलबुट्टी, जाळी, बारीक अक्षरे अशी कामे त्यांच्यावर होतात. क्रिकट किंवा सिल्हूटसारखी विजेवरची यंत्रेही आहेत. त्यांत डाय लागत नाही, संगणकावर काढलेल्या रेषेवरून छोटे पाते फिरते आणि कागद चिकट मॅटवर धरलेला असतो. ज्यांना दर वेळी नवा आकार हवा, त्यांनी ती जरूर घ्यावीत. माझा ओढा हातयंत्राकडे आहे, कारण कागद कुठे सहज कापला जातो आणि कुठे अडतो, हे दांड्यावर ठेवलेल्या हाताला कळते.

आता कागद. एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन म्हणजे जीएसएम. झेरॉक्सचा कागद साधारण ७० ते ८० जीएसएमचा असतो; शुभेच्छापत्राच्या घडीला २०० ते ३०० जीएसएमचे कार्ड हवे. बारीक जाळीला मात्र इतके जाड कार्ड घेऊ नका. १२० ते १६०चा कागद घ्या, जाळी स्वच्छ सुटेल. शिवाय लाकडाला असते तशी कागदालाही नस असते. कागद हलकेच दोन्ही दिशांनी वाकवून पाहा. ज्या दिशेने तो कमी विरोध करतो, त्या दिशेची घडी सरळ आणि स्वच्छ पडते. दुकानात कागद घेताना मी नेहमी हे करून पाहते आणि दुकानदार काही म्हणत नाहीत. आपण नाशिककर तर कागदाच्या गावचे आहोत. टपाल तिकिटे छापणारे नाशिकरोडचे प्रतिभूती मुद्रणालय १९२५ सालचे आणि नोटा छापणारे मुद्रणालय १९२८ सालचे. टपाल तिकिटाच्या कडेला जी छिद्रांची ओळ असते, तीसुद्धा कागद अचूक दाबाने कापण्याचीच विद्या आहे. आपल्या मुलांना एकदा तिकीट भिंगाखाली धरून त्या कडा दाखवा, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आता मला आपल्याला एक प्रसंग सांगायचा आहे. या यंत्राविषयी मला जे खरोखर उमगले, ते त्या एका रात्री उमगले.

तीन वर्षांपूर्वी आमच्या आत्याबाईंचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीचे, सहस्रचंद्रदर्शन होते. श्रावणातला रविवार ठरला होता. त्यांचे माहेर दहीपुलाजवळच्या एका वाड्यात; तो वाडा आता नाही, त्या जागी इमारत उभी आहे. मी त्यांच्यासाठी चोवीस पानांचे स्क्रॅपबुक करायला घेतले होते आणि त्यातले मधले पान वाड्याच्या खिडकीचे करायचे, असे माझ्या मनात होते. माझ्याकडे कमानीच्या जाळीदार खिडकीची एक पातळ डाय होती. तिने तपकिरी कागदाची खिडकी कापायची, तिची दोन दारे मधोमध उघडतील अशी बसवायची आणि आत आत्याबाईंच्या लग्नातला फोटो ठेवायचा. तो फोटो १९६९ च्या महापुरातून वाचलेला. त्या वर्षी गोदेचे पाणी वाड्यात शिरले होते आणि फोटोच्या खालच्या भागात पाणी जिथवर चढले, तिथवर तांबूस रेघ उमटलेली आहे.

शनिवारी रात्री सगळी पाने झाली, फक्त खिडकी राहिली. बाहेर पावसाची झड लागलेली, हवेत ओल आणि कागदाने ती ओल धरलेली. मी थप्पी लावून दांडा फिरवला. खिडकी सुंदर कापली गेली, पण खालचा डावा कोपरा सुटेना. तिथल्या जाळीच्या चार-पाच चौकटी कागदाला धरूनच राहिल्या. मी पुन्हा फिरवले. मग प्लेटखाली एक कागद वाढवला, मग दुसरा, मग तिसरा. दांडा इतका जड झाला की दोन्ही हातांनी ओढावा लागला. कोपरा तरीही सुटला नाही आणि उरलेल्या जाळीत धार खोलवर गेल्यामुळे तिच्या नाजूक काड्या तुटून बाहेर आल्या. अशा चार खिडक्या वाया गेल्या. तपकिरी कागदाचे दोनच ताव उरले होते आणि रात्रीचे अकरा वाजून गेले होते.

आमचे अण्णा, माझे सासरे, तोवर आरामखुर्चीत बसून हे पाहत होते. अण्णांनी तीसपेक्षा जास्त वर्षे जुन्या नाशकातल्या एका छापखान्यात ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर, काम केले. लग्नपत्रिका, मिठाईचे खोके, दुकानांची पाकिटे यांचे पंचिंग, म्हणजे साच्याच्या दाबाने कापण्याचे काम, त्यांच्या हातचे असे. ते उठून टेबलापाशी आले आणि त्यांनी विचारले, "सूनबाई, दाब कुठे कमी पडतोय?"

मी म्हटले, "अण्णा, मशीनचाच दाब कमी पडतोय. मी कागद वाढवत चाललेय."

ते म्हणाले, "मशीनला नावं ठेवू नकोस. दाब एका कोपऱ्यात कमी आहे आणि तू तो सगळीकडे वाढवतेयस. याला मेकरेडी लागते, बाळ."

मेकरेडी हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. छापखान्यातल्या माणसांना तो रोजचा आहे. छापण्यापूर्वी किंवा पंचिंगपूर्वी पहिला ताव काढून तो नीट पाहायचा आणि जिथे दाब उणा असेल, नेमक्या तेवढ्याच जागी मागून पातळ कागदाचा पदर द्यायचा, याला मेकरेडी म्हणतात. अण्णांनी माझी बिघडलेली पहिली खिडकी उचलली, ट्यूबलाइटसमोर धरली आणि नंतर पालथी करून तिच्या पाठीवरून तर्जनी फिरवली. डोळे मिटलेले होते. कोपऱ्याजवळ बोट थांबले. तिथे त्यांनी पेन्सिलीने लहानसा गोल केला, त्याच्या आत आणखी एक गोल केला आणि म्हणाले, "बाहेरच्या गोलात एक पदर, आतल्यात दोन."

मग त्यांनी प्लेटच्या मापाचा एक साधा कोरा कागद मागितला. डाय त्यावर ठेवून तिची बाह्यरेषा काढून घेतली आणि खिडकीवरचे दोन्ही गोल त्याच जागी त्या कागदावर उतरवले. पदरासाठी त्यांना झिरझिरीत कागद हवा होता. माझ्या डब्यात तसा कागद नव्हता. नातवाचा संक्रांतीचा फाटका पतंग कपाटावर पडून होता. अण्णांनी तो काढायला लावला. मी कात्री पुढे केली, ती त्यांनी बाजूला सारली आणि पतंगाचा कागद बोटांनी फाडला. कापलेल्या कागदाची कड उभी राहते आणि तिची रेघ कामावर उमटते, फाडलेल्याची कड मात्र उतरती होत जाते, म्हणून मेकरेडीचा कागद फाडायचाच असतो, असे त्यांनी सांगितले. आमच्या सासूबाईंनी तेवढ्यात वाटीभर खळ शिजवून आणली. बाहेरच्या गोलात एक तुकडा, त्यावर आतल्या गोलात त्याहून लहान तुकडा, तळहाताने दाबून वाळू दिला. वाढवलेले सगळे कागद काढून टाकून हा एकच कागद कटिंग प्लेटच्या खाली, आधाराच्या पाटीवर गेला, आणि डाय हलू नये म्हणून तिला कागदी चिकटपट्टीचे दोन तुकडे लावले. आणखी एक गोष्ट अण्णांनी केली. डाय मी नेहमी सरळ ठेवत असे, ती त्यांनी किंचित तिरकी ठेवली, म्हणजे तिची पूर्ण लांब कड एकाच क्षणी रुळाखाली येत नाही आणि दांड्याला झटका बसत नाही.

दांडा मी फिरवला. तो हलका लागला. प्लेट उचलली, डाय उचलली, कागद हातात घेतला आणि उलटा करून हलवला, तेव्हा जाळीच्या चौकटींतले तपकिरी चौकोन तिळासारखे टेबलभर सांडले. डाव्या कोपऱ्यातलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी ते पान उघडले, खिडकीची दोन्ही दारे नखाने हलकेच बाजूला केली, आतला फोटो पाहिला आणि त्यांचे बोट आधी पाण्याच्या रेघेवर गेले. "इथवर आलं होतं," एवढेच त्या म्हणाल्या, आणि मग अण्णा आणि त्या दोघे बराच वेळ वाड्याच्या जिन्याविषयी बोलत बसले.

श्रोतेहो, आता त्या फोटोविषयी एक गोष्ट जरा आग्रहाने सांगते. पानावर चिकटवलेला फोटो मूळ नव्हता, त्याची चांगल्या कागदावर काढलेली प्रत होती. मूळ फोटो कधीही चिकटवू नका. पुन्हा सांगते, मूळ फोटो चिकटवू नका. पूर्वी चिकट पानांचे, वरून प्लॅस्टिक ओढायचे अल्बम मिळत. त्यांत लावलेले फोटो आज सुटत नाहीत, सोडवायला गेले तर फाटतात, आणि माझ्या स्वतःच्या बारशाचे फोटो मी त्यापायी गमावले आहेत. मूळ फोटो ठेवायचाच असेल, तर चार कोपऱ्यांना कागदी कोपरे लावून त्यांत अडकवा. वर्तमानपत्राचे कात्रण फोटोला चिकटून ठेवू नका. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातले लिग्निन राहिलेले असते, त्याने तो पिवळा पडून ठिसूळ होतो आणि शेजारच्या कागदावरही डाग उतरतो. कात्रणाचीही प्रत काढा. स्क्रॅपबुकच्या पानांसाठी आम्लविरहित, म्हणजे ॲसिड-फ्री लिहिलेलाच कागद मागा.

गोंदाचे थोडक्यात सांगते. फेविकॉल पाण्यातला असल्यामुळे मोठ्या पृष्ठभागावर लावला की कागद फुगतो आणि लाटा धरतो, तेव्हा तो टूथपिकच्या टोकाने ठिपक्यांनीच लावा. मोठ्या भागाला दुहेरी चिकटपट्टी बरी. खिडकीसारखा भाग पानावर उचललेला दिसावा असे वाटत असेल, तर मागे फोमची टेप लावा, पण पान मिटल्यावर वही फुगणार नाही, हे पाहून. डायमध्ये बारीक नक्षी अडकून बसत असेल, तर डाय आणि कागद यांच्यामध्ये मेणकागद घाला; कागद अलगद सुटतो. चकाकी मात्र जपून वापरा. मला ती जुन्या फोटोंच्या जवळ मुळीच सहन होत नाही. तिचे कण सुटतात, फोटोवर बसतात आणि पुसायला गेले की ओरखडे पडतात.

एक शेवटची व्यवहाराची सूचना. नव्या डाय घेण्याची घाई करू नका. आठ-दहा चांगल्या डायमध्ये वर्षभराची कामे होतात. मात्र प्रत्येक डायची मेकरेडी वेगळी असते, म्हणून तिचा कागद फेकू नका. डायसोबतच तिच्या पाकिटात ठेवा आणि कागदाची वरची बाजू कोणती, ते त्यावर लिहून ठेवा. माझ्याकडे आज असे अकरा कागद आहेत. खिडकीच्या कागदावर पतंगाच्या जांभळ्या तुकड्यांशेजारी अण्णांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेले आहे, "डावा कोपरा, दोन पदर. वरची बाजू ही." त्याखाली बाण आहे.

नमस्कार.