रणभूमीवर चालायचं तर कुठल्या बाजूनं?

मंडळी, मागं आवाज येतोय ना? बरं. बोर्डावर 'युद्धस्मारकांच्या वाटा' असा विषय लिहिलाय, त्यामुळं बऱ्याच जणांना वाटलं असेल की आता तासभर हा माणूस फॉरेनच्या ट्रिपचे फोटो दाखवत बसणार. फोटो आहेत, पण थोडेच. मला आज एकच गोष्ट सांगायचीय आणि ती पटली तर पुढच्या पावसाळ्यात पावनखिंडीला जाताना पण उपयोगी पडेल. लढाईच्या जागी चालायचं असेल तर जो लढायला आला तो ज्या बाजूनं आला त्याच बाजूनं चालायचं. गाडी जिथं पार्क होते तिथनं नाही.

नॉर्मंडीपासून सुरू करतो. फ्रान्सच्या त्या किनाऱ्याला धरून जीआर २२३ नावाची पायवाट जाते. ही वाट काय ट्रेकर लोकांसाठी पाडलेली नव्हे, जुन्या काळी कस्टमवाले स्मगलर पकडायला किनाऱ्यानं गस्त घालायचे त्यांच्या पायाखालनं पडलेली. खांबावर, दगडावर, झाडावर पांढरा-लाल पट्टा दिसला की बरोबर चाललोय, फुली दिसली की मागं फिरायचं, एवढं सोपं. आणि हीच वाट दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ ला जर्मनांशी लढायला जिथं दोस्त सैन्य, म्हणजे अमेरिका, ब्रिटन आणि त्यांचे सोबती, उतरलं त्या किनाऱ्यावरनं जाते. युटा, ओमाहा, गोल्ड, जूनो, स्वोर्ड ही त्या पाच बीचची सैन्यानं ठेवलेली नावं. चालताना एका अंगाला गाई चरत असतात, कुणीतरी कुत्रं फिरवत असतंय, आणि मधेच गवतातनं काँक्रीटचा बंकर तोंड काढून बसलेला.

आता ओमाहाला टुरिस्ट काय करतो, बस वरच्या पार्किंगला लागते, तिथं कोलव्हिलची अमेरिकन दफनभूमी आहे, नऊ हजारांवर कबरी, पांढऱ्या संगमरवरी क्रुसांच्या रांगा, आणि कडेला उभं राहून खाली बघितलं की निळा समुद्र, सोनेरी पुळण, लई सुंदर. पण थांबा की जरा, तुम्ही आत्ता जिथं उभं राहून बघताय ती जर्मन मशीनगनवाल्याची जागा हाय. त्याला असंच सगळं दिसत होतं. दफनभूमीच्या शेजारी उतारावरच त्यांचं डब्ल्यूएन ६२ नावाचं ठाणं होतं, आजही तिथले बंकर आहेत.

म्हणून मी म्हणतो पहिल्यांदा खाली जा, आणि ओहोटीला जा. सैन्य सकाळी साडेसहाच्या सुमारास उतरलं तेव्हा समुद्र मागं गेलेला होता आणि भरती नुकती चढायला लागलेली. वेळ मुद्दाम निवडलेली, कारण जर्मनांनी पाण्यात लोखंडी अडथळे, सुरुंग बांधलेले खांब ठोकून ठेवलेले आणि ते उघडे पडले तरच बोटीवाल्यांना दिसणार. पण त्याची किंमत काय, तर उतरलेल्या पोराला तीनशे मीटर किंवा त्याहून जास्त उघड्या वाळूवरनं जायचं. तुम्ही पाण्याच्या कडेला जाऊन उभं राहा, पाठ समुद्राकडं करा आणि टेकाडाकडं बघत चालायला लागा. पाठीवर साधी ट्रेकिंगची सॅक असली तरी चालेल, फक्त बूट ओले असू देत. वाळूत लाटांनी पाडलेल्या वळ्या असतात, मधे मधे गुडघ्याएवढी पाण्याची डबकी, आडोसा म्हणाल तर एक खडा नाही. तुम्ही चालताय, चालताय, आणि ते टेकाड जवळच येत नाही. कोकणात भरती-ओहोटीत दोन-तीन मीटरचा फरक बघायची आपल्याला सवय, तिथं तो सहा मीटरपर्यंत जातो आणि किनारा सपाट, त्यामुळं पाणी मागनं चालत येतं हे डोळ्यानं दिसतंय. त्या दिवशी जखमी होऊन जे पडले त्यातल्या कित्येकांना याच भरतीनं गाठलं. एकट्या ओमाहावर त्या दिवशी मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून साधारण चोवीसशे धरतात.

पुढं गेल्यावर आणखी एक गोष्ट कळते जी वरनं कधीच कळणार नाही. टेकाडाला मधे मधे घळी आहेत, गाडीरस्ते तिथनंच वर जातात, आणि सैन्याचा प्लॅनही तोच, घळीतनं रणगाडे वर काढायचे. जर्मन पण काय खुळे नव्हते, त्यांनी सगळ्या तोफा घळींवर रोखून ठेवलेल्या. मग पहिल्यांदा वर कोण पोचलं, तर दोन घळींच्या मधल्या चढावरनं, गवताचा आडोसा घेत, सुरुंग चुकवत, पाच-दहा जणांच्या टोळ्या करून गेलेली माणसं. तो चढ तुम्ही बघितला तर म्हणाल ह्यात काय, जोतिबाला ह्याच्यापेक्षा जास्त चढतो आम्ही. खरं हाय, चढ काहीच नाही, पण इतकं चालून आल्यावर आणि वरनं कुणीतरी बघतंय हे डोक्यात ठेवून चढा, मग बोला. आणि असं चढून वर आल्यावर दफनभूमीत जा. फरक पडतो.

प्वँत द्यू ऑक तिथनं पश्चिमेला. साधारण तीस मीटरचा सरळ कडा, समुद्रात नाक खुपसल्यागत. अमेरिकन रेंजर्स, जेम्स रडर त्यांचा कमांडर, दोनशे पंचवीसच्या आसपास माणसं, वरच्या जर्मन तोफा बंद करायला दोर लावून हा कडा चढली. रॉकेटनं आकडे वर फेकायचे, पण दोर समुद्राच्या पाण्यानं भिजून जड झालेले, बरेच वर पोचलेच नाहीत. लंडनच्या फायर ब्रिगेडकडनं शिड्या आणलेल्या, त्या पाण्यातनं जमिनीवर येणाऱ्या गाड्यांवर बसवलेल्या, पण बाँबनी खालचा किनारा इतका उकरलेला की गाड्या पुढं येईनात. एवढं करून वर गेले तर तोफांच्या जागी लाकडी ओंडके! तोफा आधीच आत हलवलेल्या. मग दोन सार्जंट गस्त घालत आत गेले आणि किलोमीटरभरावर एका गल्लीवजा वाटेत झाडाखाली त्या तोफा त्यांना सापडल्या, त्यांनी थर्माइटच्या ग्रेनेडनी निकामी केल्या. दोन दिवसांनी मदत पोचली तेव्हा लढण्याच्या लायकीचे नव्वदच्या आसपास उरलेले. आज तिथं बाँबच्या खड्ड्यांत गवत उगवलंय, पोरं त्यात घसरगुंडी खेळतात, मला त्याचं काय वाटत नाही, खेळू देत. कड्याची धार मात्र समुद्र खातोय, दोरीच्या पलीकडं जाऊ नका, तिथं सेल्फीसाठी मरायला गेलेलं कुणी शहीद होत नाही.

त्या तोफा सापडलेली वाट हा आणखी एक प्रकार हाय. किनारा सोडून आत गेलं की नॉर्मंडीत शेतांच्या बांधावर माती आणि दगडांचा उंच वरंबा, त्यावर दाट झुडपं आणि झाडं, आणि दोन बांधांच्या मधनं खोल गेलेली वाट. बोकाज म्हणतात त्या मुलखाला. आपल्याकडं ऑक्टोबरात उसाच्या दोन फडांमधल्या वाटेनं गेल्यावर जसं पुढचं वळण सोडून काही दिसत नाही, अगदी तसं. फरक एवढाच की तिथला बांध शेकडो वर्षांच्या मुळांनी असा घट्ट झालेला की रणगाडा चढायला गेला तर त्याचं पातळ पोट वर येतं. एक शेत घ्यायचं, पलीकडं परत बांध, परत तेच. सेंट लो हे गाव किनाऱ्यापासून लांब नाही, तरी ते घ्यायला १८ जुलै उजाडला. नकाशा बघून प्रश्न पडतो एवढे दिवस का लागले, त्या वाटांनी दोन तास चाललात की पडत नाही. सफरचंदाच्या बागा आहेत, चीज झकास मिळतं, ते पण करा.

त्याच किनाऱ्यावर आरोमांशला ओहोटीत दोस्त सैन्यानं उभारलेल्या कृत्रिम बंदराचे काँक्रीटचे ठोकळे अजून उभे आहेत ते बघून घ्या, पुढं जाऊ.

कोल्हापूरकरांना खरं तर नॉर्मंडीपेक्षा इटली जवळची. आपल्या कोल्हापूरजवळचा वळिवड्याचा पोलिश कॅम्प, महायुद्धात घरदार सुटलेल्या पोलंडच्या लोकांचा, सगळ्यांना माहीत आहे, १९४३ ते ४८, पाचेक हजार माणसं, जास्त करून बायका आणि पोरं. महावीर गार्डनमधलं स्मारक आपण येता-जाता बघतो. त्या घरांतले पुरुष कुठं होते? बरेच जण जनरल अँडर्सच्या पोलिश फौजेत, आणि ती फौज मे १९४४ मध्ये इटलीत मोंते कॅसिनोला जर्मनांशी लढली, तिथं डोंगरावर जुना मठ आहे, १८ मेला पोलिश सैनिक त्या मठात शिरले. आता मठावर बस जाते, वळणावळणाचा डांबरी रस्ता, वर कॉफी मिळते. तसं नका करू. मागच्या बाजूला काइरा नावाचं गाव आहे, तिथनं कॅव्हेंडिश रोड नावाची जुनी वाट डोंगरात चढते, हिंदुस्थानी आणि न्यूझीलंडच्या सॅपर्सनी, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या सैनिकांनी, ती रणगाड्यांसाठी रुंद केलेली. त्या बाजूनं पॉइंट ५९३ च्या टेकडीवर जा, तिथं पोलिश स्मारकाचा खांब आहे, आणि तिथनं मठ बघा. तुमच्या आणि मठाच्या मधे नुसता खडक, माती एवढीशी की खंदक खणायची सोय नाही. खाली उतारावर पोलिश दफनभूमी, हजाराच्या वर कबरी. आणि कॅसिनो गावाजवळच्या कॉमनवेल्थ दफनभूमीतल्या स्मारकावर यशवंत घाडगे हे नाव शोधा. माणगाव तालुक्यातला बावीस वर्षांचा पोरगा, १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात पडला, व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सगळ्यात मोठं शौर्यपदक, कबर कुठं ते ठाऊक नाही म्हणून नाव भिंतीवर.

दुसरं नाव नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातला, मराठा लाइट इन्फंट्री, कंपनीचा रनर, म्हणजे निरोप्या. ९ एप्रिल १९४५ ची संध्याकाळ, सेनिओ नदी. नदी म्हटल्यावर आपल्या डोळ्यासमोर पंचगंगा येते, पण ही पंधराएक फूट रुंद आणि चार-पाच फूट खोल. ओढाच. खरी भानगड पुराच्या बंधाऱ्यांची, दोन्ही काठांना तीस फुटांच्या वर, उभे. आज त्यावर गवत आहे, लोक फिरायला येतात, शेजारच्या आल्फोन्सिनेत या लढाईचं म्युझियम पण आहे. तुम्ही पूर्वेकडच्या बंधाऱ्यावर चढा आणि आत पाण्यापर्यंत उतरा. समोर पश्चिमेचा बंधारा, तिथं शत्रू असणार हे कुणालाही कळतं. पण आता मागं वळा. ज्या बंधाऱ्यावरनं उतरलात त्याच्याच आतल्या अंगाला पण जर्मनांनी बिळं पोखरलेली होती. म्हणजे नदी ओलांडणाऱ्याच्या पाठीत गोळ्या. नामदेवचा कंपनी कमांडर आणि दोघं जखमी, बाकीचे मेले, हा एकटा धड. त्यानं दोन जखमींना एकेक करून पाण्यातनं, सुरुंगांच्या पट्ट्यातनं, त्या उभ्या चढावरनं बाहेर काढलं. मग परत आत उतरला. मशीनगनचं पहिलं ठाणं टॉमी गननं गप्प केलं, हाताला जखम होऊन बंदूक चालवता येईना तेव्हा ती टाकून दिली आणि आणखी दोन ठाणी ग्रेनेडनी संपवली. आणि मग बंधाऱ्याच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना करत मागच्यांना हातानं बोलावत राहिला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि हा जिवंत परत आला. सन्मानपत्र मी कितीदा वाचलेलं, पण मागनं गोळ्या कशा आल्या ते त्या खळग्यात उभं राहीपर्यंत डोक्यात शिरलं नव्हतं.

आता घरचं. पन्हाळा ते पावनखिंड, पन्नासेक किलोमीटर, म्हाळुंगे, मसाई पठार, करपेवाडी, आंबेवाडी, पाटेवाडी, पांढरपाणी, इथल्या निम्म्या लोकांनी केलाय. १२ जुलै १६६० ची रात्र, आषाढ पौर्णिमा, पण ढगात चंद्र कुठला. चिखल, भाताची खाचरं, ओढे. बरेच जण हल्ली पांढरपाण्याच्या पुढं गाडी लावतात, पायऱ्यांनी खिंडीत उतरतात, घोषणा, फोटो, अर्ध्या तासात परत. स्पीकर लावून येणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, बोललो तर भांडण होईल.

चालत जाणाऱ्यांनी पण एक ध्यानात घ्या. पन्हाळ्याकडनं तुम्ही येता तेव्हा महाराजांच्या आणि बाजीप्रभूंच्या वाटेनं येता, पण सिद्दी मसूदचे लोक पण त्याच वाटेनं पाठलाग करत आलेले. त्यामुळं खिंडीत शिरताना तुम्ही दोघांचेही पाय टाकताय. मग खिंडीतनं विशाळगडाच्या अंगाला बाहेर या, मागं फिरा, पन्हाळ्याकडं तोंड करा आणि ग्रुपमधल्या पोरांना पलीकडनं यायला सांगा. एका वेळी किती जण खांद्याला खांदा लावून येऊ शकतात ते मोजा, पाणी वाहत असताना मोजा, दगडावर पाय कसा ठरतोय ते बघा. बाजीप्रभूंनी हीच जागा का धरली यावर मग मला वेगळं भाषण द्यायची गरज नाही.

एक चिठ्ठी आलीय, 'सर, मग हा ट्रेक रात्रीच करायचा का?' नाही. ओढ्याला अचानक पाणी येतं, वाट धुक्यात मिटते, आणि रात्री वाडीतल्या लोकांना उठवून रस्ता विचारणं बरं नव्हे. दिवसा चाला, सोबत वाट माहीत असलेला स्थानिक माणूस घ्या, त्याला पैसे द्या. नॉर्मंडीला गेलात तर भरतीचं वेळापत्रक आधी बघा आणि वाळूत गंजलेलं काही लोखंड दिसलं तर हात लावू नका, तिथं अजून जिवंत गोळे निघतात. बाकी खर्च, व्हिसा वगैरे विचारायचं असेल तर बाहेर चहा घेताना विचारा, हॉल आठला रिकामा करून द्यायचाय.