आर्केड पेटीत कुठला बोर्ड टाकायचा?

[दृश्य: अर्धवट रंगवलेली प्लायवूडची पेटी, बटणांच्या जागी नुसती भोकं]

तर हे आपलं कॅबिनेट, म्हणजे घरीच बनवलेली जुन्या व्हिडिओ गेम्सची आर्केड पेटी. प्लाय कापून झालाय, बटणांसाठी ३० मिलिमीटरची भोकं पाडून झालीत, त्यातलं एक जरा वाकडं गेलंय पण ते सोडा, त्यावर स्टिकर येणारे. आता प्रश्न उरला आत गेम चालवायला कुठला बोर्ड, म्हणजे छोटा कॉम्प्युटर, बसवायचा. इथे बरेच जण समोर दिसेल तो बोर्ड मागवतात आणि महिनाभराने दुसरा घेतात. मी पण त्यातलाच.

आधी एक गंमत सांगतो. पॅक-मॅन १९८० चा, त्याच्या मूळ मशीनमध्ये झेड-८० प्रोसेसर होता, स्पीड जेमतेम ३ मेगाहर्ट्झ. १९९१ च्या स्ट्रीट फायटर टू मध्ये ६८००० नावाचा प्रोसेसर, तो १० मेगाहर्ट्झचा. आणि आपला रास्पबेरी पाय ३, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर बोर्ड (पुढे नुसतं 'पाय' म्हणेन), तो १.२ गिगाहर्ट्झ, म्हणजे पॅक-मॅनच्या ४०० पट! मग वाटतं की यावर काहीही पळेल. पण तसं नसतं ना, कारण आपला बोर्ड नुसता गेम चालवत नाही, तो त्या अख्ख्या जुन्या मशीनची नक्कल करतो, प्रोसेसर, साउंड चिप, व्हिडिओचं सर्किट सगळ्याची, आणि हे सगळं सेकंदाला साधारण ६० वेळा एकमेकांशी जुळलं पाहिजे, नाहीतर आवाज तडतडतो. त्यात मेम, म्हणजे १९९७ ला सुरू झालेलं ते एम्युलेटर, त्याचा सगळा जीव अचूकपणात, वेग नंतर. आणि ते बरंचसं काम एकाच कोअरवर, म्हणजे प्रोसेसरच्या एकाच भागावर करतं, त्यामुळे "चार कोअर आहेत" हे ऐकून भुलू नका.

[दृश्य: वहीचं पान, पेनने लिहिलेली गेम्सची यादी]

म्हणून बोर्ड बघायच्या आधी यादी करा. आणि यादीतला सगळ्यात जड गेम कुठला ते बघा, बाकीच्यांचं सोडा. डाँकी काँग, गॅलागा, पॅक-मॅन एवढंच हवंय? पाय ३ किंवा छोटासा पाय झीरो २ सुद्धा पुरतो. मारामारीचे टूडी गेम्स भरपूर खेळणार असाल तर पाय ४ घ्या, निवांत. पण १९९६ च्या सॅन फ्रान्सिस्को रश सारखं काही त्या यादीत असेल, ज्याच्या मूळ मशीनमध्येच थ्रीडीएफएक्स कंपनीची वूडू ही थ्रीडी ग्राफिक्सची चिप होती, तर पायचा नाद सोडा आणि सरळ पीसीकडे वळा. मधला रस्ता म्हणजे एन१०० प्रोसेसरवाले मिनी पीसी, त्या प्रोसेसरचा टीडीपी, म्हणजे उष्णतेच्या हिशोबाने ठरवलेला वॅटचा आकडा, ६ वॅट आहे, पूर्ण मशीन अर्थात त्याहून जास्त खातं.

अजून एक, छोट्या बोर्डांवर बऱ्याचदा मेम २००३ नावाची मेमचीच जुनी हलकी आवृत्ती वापरतात, तिला ०.७८ व्हर्जनचाच रॉम सेट, म्हणजे मूळ मशीनमधल्या गेमच्या फाइल्सचा संच, लागतो. दुसरा दिलात तर बरेच गेम सुरूच होत नाहीत आणि माणूस उगाच बोर्डाला शिव्या घालत बसतो. (रॉम कुठून आणायचे हे मी सांगणार नाही, कॉपीराइट आहे त्यावर, तुमचं तुम्ही बघा.)

[दृश्य: स्क्रीनचा वरचा उजवा कोपरा, क्लोजअप]

आता माझा घोळ. पाय ३ लावला, गेम सुरू, आणि कोपऱ्यात एक पिवळी वीज चमकायला लागली. चमकायची, जायची, परत यायची. त्याच वेळी गेम अडखळायचा. मी दोन संध्याकाळी सेटिंग्ज उलट्यापालट्या केल्या, सेटअप परत टाकला, शेवटी बोर्डच खराब आला असं ठरवून टाकलं. तर बोर्ड ठणठणीत होता! ती वीज म्हणजे व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेल्याची खूण, आणि मी लावलेली वायर मोबाईलच्या जुन्या चार्जरची, पातळ आणि लांब, ५ व्होल्ट निघताना बरोबर निघायचे आणि बोर्डापर्यंत येईतो गळायचे. असं झालं की पाय स्वतःहूनच स्पीड कमी करतो. म्हणून पाय ३ ला ५.१ व्होल्ट अडीच अँपिअर, पाय ४ ला ३ अँपिअर, पाय ५ ला पूर्ण ताकद हवी तर ५ अँपिअर, असा त्याचाच अ‍ॅडॉप्टर घ्या. इथे काटकसर नको.

[दृश्य: पेटीची मागची फळी, जाळीतून दिसणारा पंखा]

आणि वीजबिल? हिशोब करून बघा. एक बोर्ड ५ वॅट खातो, दुसरा १५, फरक १० वॅटचा, रोज ४ तास खेळलात तर महिन्याला सव्वा युनिटच्या आसपास. बस्स. उलट तो जुना १९ इंची मॉनिटर एकटाच बोर्डाच्या कितीतरी पट खातो, वाचवायचंच असेल तर तिथे ब्राइटनेस कमी करा. मग कमी वॅटचा हट्ट कशाला, तर उष्णतेसाठी. प्लायची पेटी बंद असते, आत मॉनिटर तापतो, हवा हलत नाही. पाय ४ चं तापमान ८० अंशाला गेलं की तो स्पीड उतरवायला लागतो, आणि हे बरोबर शेवटच्या बॉसच्या वेळी होतं, का ते विचारू नका. म्हणून खाली भोकं, वर भोकं, आणि बोर्डावर मोठा हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा. मी पंखा लावला होता, पण शांत जागी त्याची घरघर गेमच्या आवाजात मिसळायची, म्हणून काढून टाकला.

शेवटचं काम स्विचचं. आर्केड म्हटलं की लोक एकच बटण दाबून सगळं बंद करणार, तुम्ही कितीही ओरडा. मेमरी कार्डवर काही लिहिलं जात असताना लाईट गेली की कार्ड बिघडू शकतं. त्यामुळे सगळं सेट झालं की कार्ड फक्त वाचता येईल अशा मोडवर टाका आणि त्याची एक कॉपी बाजूला ठेवा, फक्त मग हायस्कोर बंद केल्यावर उडतात, ते पेनड्राइव्हवर वळवा.

[दृश्य: अंधारात पेटलेली स्क्रीन, नाणं टाकल्याचा आवाज]

माझ्या पेटीत आता पाय ४ आहे. पाय ३ ड्रॉवरमध्ये पडलाय, त्या पातळ वायरीसकट.