विश्वास लेखी असावा

मंडळी, श्रीमंत आणि गरीब देशांमधल्या विश्वासाबद्दल बोलायचं तर मला आधी इंडोनेशियाची गोष्ट सांगायला हवी. एच५एन१ या बर्ड फ्लूनं तिथं माणसं दगावत होती. जगाच्या रिवाजाप्रमाणे रुग्णांचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेल्या प्रयोगशाळांकडे जात होते, विनामूल्य. मग कळलं, की इंडोनेशियातल्याच विषाणूवरून एक ऑस्ट्रेलियन कंपनी लस तयार करते आहे. ती लस इंडोनेशियाला परवडेल का, वेळेवर मिळेल का, याची हमी कुणीच देत नव्हतं. २००७ च्या सुरुवातीला आरोग्यमंत्री सिती फदिला सुपारी यांनी नमुने पाठवणं थांबवलं. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. साऱ्या जगाला धोका होता, हे खरंच आहे. पण आपण द्यायचं ते आजच्या आज आणि घ्यायचं ते समोरच्याच्या मर्जीनं, असा व्यवहार कोणता देश किती काळ सोसेल?

चार वर्षांच्या वाटाघाटींनंतर, २०११ मध्ये तोडगा निघाला. नमुने वाटून घेण्याच्या या यंत्रणेचा लाभ घेणाऱ्या औषध कंपन्यांनी मिळून वर्षाला २.८ कोटी डॉलर भरायचे, आणि साथ आली तर लशींचा किंवा औषधांचा काही वाटा देण्याचं आधीच लिहून द्यायचं. मात्र हा तोडगा इन्फ्लूएंझापुरताच होता. त्यामुळे कोविडच्या वेळी पुन्हा सगळं मर्जीवर गेलं. गरीब देशांपर्यंतही लस पोहोचावी म्हणून उभारलेल्या कोवॅक्स या जागतिक योजनेनं २०२१ अखेरपर्यंत २०० कोटी डोसांचं लक्ष्य ठेवलं होतं; त्यातले निम्मेही पोहोचले नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिका आणि बोत्सवानातल्या शास्त्रज्ञांनी ओमायक्रॉनची माहिती तातडीनं जगाला दिली, आणि काही दिवसांतच त्या भागातून येणाऱ्यांसाठी अनेक देशांनी दारं बंद केली. हे आठवलं की मला आजही संताप येतो.

हे असंच चालायचं, असं मात्र मी मानत नाही. ओझोनच्या थराचं उदाहरण घ्या. ओझोनला घातक वायू बंद करण्यासाठीचा १९८७ चा मॉन्ट्रियल करार झाला, तेव्हा भारत आणि चीन बाहेर राहिले. ओझोनचं नुकसान मुख्यतः श्रीमंत देशांच्या वायूंनी केलेलं, मग पर्यायी तंत्रज्ञानाचा खर्च आम्ही का सोसायचा, हा त्यांचा सवाल रास्त होता. १९९० मध्ये लंडनला हा खर्च भागवण्यासाठी निधी ठरला, आणि पुढच्या दोन वर्षांत दोघेही सामील झाले. या निधीची रचना बघण्यासारखी आहे. कार्यकारी समितीत १४ सदस्य, दोन्ही बाजूंचे सात-सात. मतदानाची वेळ आली तर दोन तृतीयांश मतं लागतात, शिवाय दोन्ही गटांत स्वतंत्र बहुमत. म्हणजे पैसे देणाऱ्याला एकट्यानं निर्णय लादता येत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. आज जगातला प्रत्येक देश त्या करारात आहे.

हवामान निधीत हे घडलं नाही. हवामान बदलाशी लढायला गरीब देशांसाठी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू, हे वचन २००९ मध्ये कोपनहेगनला दिलं गेलं. श्रीमंत देशांच्याच संघटनेच्या हिशेबानं ते २०२२ मध्ये पुरं झालं, आणि त्यातही मोठा भाग कर्जाचा. कर्जाला मदत म्हणायचं की नाही, हे कुणी ठरवायचं, ते आधी ठरलंच नव्हतं.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत साथरोग करार मंजूर झाला, तेव्हा नमुने आणि लाभ यांच्या वाटपाचं परिशिष्ट पुढच्या वाटाघाटींवर सोडलं गेलं. माझी मागणी एवढीच, की नमुना पाठवण्याची जबाबदारी ज्या कलमात असेल, लशीचा वाटा देण्याची जबाबदारीही त्याच कलमात, तितक्याच बंधनकारक शब्दांत असावी. आणि वाटप ठरवणाऱ्या समितीत मॉन्ट्रियलसारखी निम्मी-निम्मी मतं असावीत.