डिक्री राहू दे बाजूला, आधी रात्री मोजा

नमस्कार मंडळी! टॅक्स सीझन सुरू झालाय, सगळ्यांच्या घरी डब्ल्यू-टू, म्हणजे कंपनीकडून येणारा पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कागद, यायला लागलेत, आणि आज मी जरा नाजूक विषय काढतेय, कारण आपल्या मंडळात गणपतीला, दिवाळीला भेटतो तेव्हा याबद्दल कुणी बोलत नाही. डिव्होर्स झालाय, मुलं दोघांची, मग रिटर्नमध्ये मुलं दाखवायची कोणी?

भारतात हा प्रश्न फारसा येतच नाही हो, ट्यूशन फी ऐंशी-सी मध्ये टाकली की झालं. इथे अमेरिकेत मात्र पैसे आहेत यात, २०२५ च्या रिटर्नला सतरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे २,२०० डॉलरपर्यंत चाइल्ड टॅक्स क्रेडिट, म्हणजे टॅक्समधून थेट तेवढी सूट. आणि मग लोक डिक्री, म्हणजे डिव्होर्सचा कोर्टाचा हुकूम, काढून दाखवतात, बघा ताई, जजने लिहिलंय, सम वर्षी बाबा, विषम वर्षी आई. बरं, लिहिलं असेल, पण आयआरएस, म्हणजे इथलं टॅक्स खातं, त्यावर चालत नाही. आयआरएस बघतं मूल वर्षातल्या जास्त रात्री कोणाकडे झोपलं, तो कस्टोडियल पॅरेंट, आणि हक्क मुळात त्याचा. चाइल्ड सपोर्ट कोण देतं त्याचा इथे संबंध नाही, ते देणाऱ्याला वजावट मिळत नाही आणि घेणाऱ्याला त्यावर टॅक्सही लागत नाही.

फिफ्टी-फिफ्टी आहे म्हणाल, तर वर्षाच्या रात्री ३६५, अर्ध्या होतच नाहीत, एक रात्र कुणाकडे तरी जास्त पडतेच. २०२४ लीप वर्ष होतं, तिथे १८३-१८३ होऊ शकलं असतं, आणि तसं झालं तर ज्याचं एजीआय, म्हणजे रिटर्नवरचं ठरावीक वजावटी काढल्यानंतरचं उत्पन्न, जास्त तो कस्टोडियल. आणि आपला खास प्रश्न, उन्हाळ्यात पोरं दोन महिने पुण्याला आजीकडे गेली तर? त्या रात्री एरवी ज्याच्या घरी मूल राहिलं असतं त्याच्या खात्यात जातात. पण आई स्वतः घेऊन गेली असेल तर त्या आईच्या. म्हणून कॅलेंडर ठेवा, फोनवर का होईना, पण ठेवा.

मग दुसऱ्याला क्लेम द्यायचा असेल तर? फॉर्म ८३३२. कस्टोडियल पॅरेंटने सही करायची, दुसऱ्याने तो रिटर्नला जोडायचा, बस. २००८ नंतरच्या डिक्रीची पानं जोडून चालत नाही, फॉर्मच लागतो, आणि समोरचा सही देत नसेल तर आयआरएसशी भांडून उपयोग नाही, ते फॅमिली कोर्टात जाऊन मागायचं. फॉर्ममध्ये पार्ट वन एका वर्षासाठी, पार्ट टू पुढच्या वर्षांसाठी, आणि तिथे लोक सरळ "ऑल फ्युचर इयर्स" लिहून मोकळे होतात! कृपा करून करू नका, दरवर्षी एकेक द्या.

बरं, सही दिली म्हणजे सगळं गेलं असंही नाही, आणि हे बऱ्याच आयांना माहीतच नसतं. मूल आईकडे राहतंय, घरखर्चाचा निम्म्याहून जास्त भार तिचाच, तर हेड ऑफ हाउसहोल्ड, म्हणजे घर चालवणाऱ्या एकट्या पालकाचं फाइलिंग स्टेटस, तिचंच राहतं, २०२५ ला स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून मिळणारी ठरलेली वजावट, २३,६२५ डॉलर, सिंगलचं १५,७५०. डेकेअरचं क्रेडिटही तिचंच. बाबाकडे जातं ते फक्त चाइल्ड टॅक्स क्रेडिट.

आणि तेही मिळेलच असं नाही! सिंगल माणसाचं उत्पन्न दोन लाख डॉलरच्या वर गेलं की दर हजारामागे ५० डॉलर कापले जातात, म्हणजे एकच मूल असेल तर २,४४,००० ला क्रेडिट शून्य. आपले आयटीवाले बाबा वकिलाला तासाचे पैसे देऊन हा क्लेम भांडून घेतात आणि हातात येतो भोपळा, आणि तिकडे आईला मिळाले असते ते २,२०० पण गेले. मला तर हे बघून हसावं की रडावं कळत नाही. एच-फोरवरची, म्हणजे आईबाबांच्या एच-वन व्हिसामुळे आलेली मुलं असतील, ज्यांच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही, आयटीआयएन (आयआरएसने फक्त टॅक्ससाठी दिलेला नंबर) आहे, तर चाइल्ड टॅक्स क्रेडिट नाहीच, फार तर ५०० डॉलरचं दुसरं क्रेडिट. एवढ्यासाठी कोर्टात जायचं का ते तुम्हीच बघा.

दोघांनीही तेच मूल दाखवलं तर? जो आधी ई-फाइल करतो त्याचं जातं, दुसऱ्याचं रिजेक्ट होतं. आता आयपी पिन, म्हणजे ओळख पटवायला आयआरएस देतं तो सहा आकडी नंबर, घेतलेला असेल तर दुसऱ्याचंही स्वीकारतात, पण नंतर दोघांना पत्र येऊ शकतं, सीपी-८७ए नावाचं, की रिटर्न तपासा आणि चूक असेल तर दुरुस्त करा. पुढे चौकशी झालीच तर मुलाचा पत्ता असलेला शाळेचा कागद, डॉक्टरचे रेकॉर्ड, हे कामाला येतं.

दिलेली सही मागे घेता येते बरं का, त्याच फॉर्मच्या पार्ट थ्री मध्ये, पण लगेच नाही. २०२६ मध्ये समोरच्याला कळवलंत तर लवकरात लवकर २०२७ च्या टॅक्स वर्षापासून लागू. मूल अठराचं होऊन कॉलेजात गेलं की नियम बदलतात, ते पुढच्या वेळी घेऊ, तोवर प्रश्न पाठवत राहा.