पाच हजार प्रकाशवर्षांचा झोत

[दृश्य: पिवळसर, धूसर दीर्घिका. मध्यातून निघालेली निळसर रेघ.]

ही एम 87. कन्या समूहातली अवाढव्य दीर्घिका, आपल्यापासून साधारण साडेपाच कोटी प्रकाशवर्षं दूर. 1918 साली कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत हीबर कर्टिस यांनी ही रेघ पाहिली, ‘चमत्कारिक सरळ किरण’ अशी नोंद केली आणि ते पुढच्या तेजोमेघाकडे वळले. त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. आपल्या आकाशगंगेपलीकडे दुसऱ्या दीर्घिका आहेत की नाहीत, यावरच तेव्हा वाद चालू होता.

रेघ म्हणजे वेगवान कणांचा झोत. लांबी सुमारे पाच हजार प्रकाशवर्षं. उगमाशी आहे साडेसहाशे कोटी सूर्यांएवढ्या वस्तुमानाचं कृष्णविवर. 2019 मध्ये वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर झळकलेलं नारिंगी कडं, ते याचंच.

[दृश्य: झोत जवळून. ठिकठिकाणी उजळ गाठी.]

हा निळा उजेड ताऱ्यांचा नाही. तो ध्रुवित आहे, म्हणजे त्याच्या लहरी एकाच दिशेत डोलतात, हे 1956 साली वॉल्टर बाडे यांनी दाखवलं आणि सिंक्रोट्रॉन प्रारणाची खूण पटली. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणारे वेगवान इलेक्ट्रॉन असे उजळतात. पुढे अवकाशातल्या चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीला याच गाठी क्ष-किरणांतही लखलखताना दिसल्या, आणि खरा पेच पडला.

क्ष-किरण फेकणाऱ्या या इलेक्ट्रॉनची ऊर्जा एलएचसी या जिनिव्हाजवळच्या महाकाय कणवेगवर्धकातल्या प्रोटॉनच्या तोडीची असते. पण ते तितकेच उधळे. काही वर्षांत, फार तर काही दशकांत ते कफल्लक होतात. वाट मात्र हजारो वर्षांची! तेव्हा केंद्रातली पुंजी इथवर पुरणं शक्यच नाही. कमाई वाटेतच होत असली पाहिजे.

कशी? झोतातला वेगवान पदार्थ पुढच्या संथ पदार्थावर आदळतो तिथे आघात तरंग उभा राहतो. इलेक्ट्रॉन त्याच्या अलीकडे-पलीकडे येरझारा घालतो आणि दर खेपेला थोडी टक्केवारी कमावतो. चक्रवाढ व्याजच म्हणा. बहुतेक जण लवकर बाहेर पडतात, टिकून राहिलेले मोजके गब्बर होतात. चुंबकीय रेषा तुटून पुन्हा जुळतानाही अशी ऊर्जा मोकळी होते. कुठल्या गाठीत कोणाचा वाटा किती, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

[दृश्य: नामिबियातल्या हेस दुर्बिणी. रात्र.]

एम 87 कडून क्ष-किरणांहून जास्त ऊर्जेचे गॅमा किरणही येतात, पण ते जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. ते हवेत कणांचा वर्षाव घडवतात आणि त्यातून काही नॅनोसेकंदांची निळी झळक उमटते. हेस दुर्बिणी तीच टिपतात. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमध्ये हानले इथे उभारलेली 21 मीटर व्यासाची मेस दुर्बीणही याच जातीची.

2005 साली हेसला एम 87 चे गॅमा किरण दोनेक दिवसांत कमीजास्त होताना दिसले. इतक्या झपाट्याने बदलणारा स्रोत लहानच असणार. या कृष्णविवराची रुंदी ओलांडायला प्रकाशाला दीड दिवस लागतो, म्हणजे संशय थेट केंद्रावर. पण नेमक्या त्याच वर्षी झोतातली एचएसटी-1 नावाची गाठ क्ष-किरणांत पूर्वीपेक्षा 50 पटींहून जास्त तळपत होती! 2008 मध्ये गॅमा किरण पुन्हा भडकले, तेव्हा ही गाठ थंड होती आणि रेडिओ दुर्बिणींना केंद्रच उजळताना दिसलं. त्या खेपेला कौल केंद्राकडे गेला. 2005 च्या भडक्यावर मात्र दोघांचाही दावा कायम आहे.