दूध सुटले, आता वरण घट्ट करा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या गुढीपाडव्याला आमच्या घरी श्रीखंड झाले नाही. दूध, दही, तूप, मध, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारा कोणताही पदार्थ न घेता निदान वर्षभर राहून पाहावे, असे मी त्या दिवशी ठरवले. वासराच्या वाट्याचे दूध आपण घेतो, ही टोचणी मनात फार वर्षांची होती. ज्या इंदुरात रात्री सराफ्यात रबडीसाठी गर्दी होते आणि मक्याचा कीससुद्धा दुधात शिजवतात, तिथे तुला हे झेपेल का, असे सासूबाईंनी काळजीने विचारले. ते झेपले. मात्र पहिले दोन महिने माझ्या हातून एक मोठी चूक होत राहिली, आणि आज मला मुख्यतः तिच्याविषयीच बोलायचे आहे.

मी दूधदुभते बंद केले आणि बाकीचे ताट होते तसेच ठेवले. दुपारचे चार वाजले की गळून गेल्यासारखे होई आणि जेवून तास-दीड तास होतो न होतो तोच पुन्हा भूक लागे. अखेर एके सकाळी मी ओट्यावर वजनकाटा मांडला. चौघांच्या वरणासाठी मी रोज जी तूरडाळ घेत होते, ती भरली 100 ग्रॅम. तूरडाळीत शेकडा सुमारे 22 भाग प्रथिने असतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाटीत जेमतेम साडेपाच ग्रॅम. बाकीची वाटी पाण्याचीच होती. पूर्वी मी दिवसभरात दूध, दही आणि ताक मिळून अर्धा लिटर दूध सहज संपवत असे आणि त्यातून सुमारे 16 ग्रॅम प्रथिने मिळत. ते 16 ग्रॅम मी ताटातून उचलले होते आणि त्यांच्या जागी काहीच वाढले नव्हते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात. 60 किलो वजनाला हा हिशेब 50 ग्रॅमच्या आसपास जातो. डाळी-कडधान्यांतील प्रथिने दुधातल्या प्रथिनांपेक्षा थोडी कमी पचतात, म्हणून मी 55 ग्रॅमचा अंदाज धरते.

वनस्पतींची प्रथिने अपुरी असतात, असे आपण नेहमी ऐकतो. त्यात तथ्य इतकेच की गहू-तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळींत मेथिओनिन कमी असते. दोन्ही पोटात गेली की एकाची उणीव दुसरे भरून काढते, आणि त्यासाठी ती एकाच घासात असावी लागत नाहीत, दिवसभरात मिळाली तरी पुरतात. वरणभात, मुगाची खिचडी आणि भाजणीचे थालीपीठ ही जोडी पिढ्यानपिढ्या सांभाळत आलेली आहेत. आपल्या इंदुरी न्याहारीतही ती आहे. नुसत्या बशीभर पोह्यांत तीन-चार ग्रॅमच प्रथिने असतात, पण आपल्याकडे मिळतात तसे उसळ-पोहे केले आणि उसळीसाठी माणशी 30 ग्रॅम कोरडी मटकी धरली, तर सकाळीच दहा-अकरा ग्रॅमची बेगमी होते. उपवासाच्या दिवशी मात्र जपावे लागते, कारण साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच. खिचडीत जी काही असतात, ती दाण्याच्या कुटाची. त्या दिवशी मी राजगिऱ्याची भाकरी करते.

आणि सोयाबीन! माळव्याच्या काळ्या जमिनीत खरिपात जिकडे पाहावे तिकडे हेच पीक उभे असते, सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था 1987 पासून आपल्या इंदुरात आहे, दाण्यात शेकडा 40 च्या आसपास प्रथिने असतात, आणि तरीही तेल काढून उरलेली बरीचशी पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, याची मला मनापासून हळहळ वाटते. सोयाबीनच्या वड्या 25 ग्रॅम घेतल्या तरी 12 ते 13 ग्रॅम प्रथिने मिळतात. त्या गरम पाण्यात फुगवून, घट्ट पिळून, पुन्हा एकदा धुऊन पिळल्या की उग्र वास जातो आणि गोडा मसाला आत मुरतो. घरी दूध करायचे असेल तर रात्रभर भिजवलेल्या दाण्यांची साले चोळून काढावीत, दाणे कडकडीत गरम पाण्यातच वाटावेत आणि गाळलेले दूध ढवळत ढवळत चांगले उकळावे. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन रोखणारा घटक असतो आणि तो उष्णतेनेच निष्प्रभ होतो, म्हणून इथे घाई करू नये.

आता आमच्याकडे चौघांना 160 ग्रॅम डाळ शिजते. वरण पळीतून ओघळत नाही, पडते. सासूबाईंनाही ते आवडू लागले आहे.

गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहारात असा बदल करू नये. शिवाय प्रथिनांचा हिशेब कितीही चोख जमला तरी बी-12 हे जीवनसत्त्व डाळी, भाज्या, धान्ये यांतून भरवशाने मिळत नाही. ते जिवाणू तयार करतात आणि त्याची कमतरता मज्जातंतूंना इजा करू शकते. त्यासाठी मी रक्ताची तपासणी करून घेतली. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी मी दर रविवारी घेते आणि स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर त्या तारखेला पेन्सिलीने खूण करते.