अटल सेतूला केबल का नाहीत?

उलव्याच्या बाजूने अटल सेतूवर चढलं की हमखास येणारा प्रश्न: एवढा मोठा पूल, मग वांद्रे-वरळीसारखे उंच मनोरे आणि त्यांवरून पूल तोलणारे केबल कुठे आहेत?

उत्तर पाण्याखाली आहे. शिवडी आणि न्हावा यांच्यामधली खाडी रुंद आहे, पण फारशी खोल नाही. ओहोटीला शिवडीकडे तर नुसता चिखल उघडा पडतो. अशा जागी ठरावीक अंतरावर खांब रोवता येतात. पूल टांगावा लागतो तो मधे खांब उभा करणं शक्य नसतं तिथे.

अडचण मोजक्याच ठिकाणी होती. जहाजांची वाट मोकळी ठेवायची होती, तळावरच्या तेलवाहिन्यांना धक्का लावायचा नव्हता. तिथे दोन खांबांमधला गाळा 180 मीटरपर्यंत न्यावा लागला. काँक्रीटचा एवढा लांब गाळा आपली बरीचशी ताकद स्वतःचंच वजन पेलण्यात घालवतो. म्हणून तिथे पोलाद वापरलं.

या रचनेला ऑर्थोट्रॉपिक स्टील डेक म्हणतात. वर पोलादी पत्रा, त्याला खालून लांबीच्या दिशेने वेल्ड केलेल्या पन्हळी, आणि त्यांना छेदणाऱ्या आडव्या तुळया. पत्रा नुसता झाकणासारखा नसतो, तोही भार घेतो. त्यावर स्लॅब नाही, थेट डांबर. या गाळ्यांचे सुटे भाग परदेशी कारखान्यांत बनले, उरणजवळ करंज्याला जोडले गेले आणि बार्जवरून खांबांपर्यंत आले.

याचं दुखणं जगभर ओळखीचं आहे. अवजड चाकं रोज त्याच पट्ट्यावरून जातात आणि पत्रा-पन्हळीच्या वेल्डला थकवा येऊन तडा जातो. तो डांबराखाली लपतो, म्हणून तपासणी पुलाच्या पोटात शिरून करावी लागते. चाकावरचा भार दुप्पट झाला, तर हे नुकसान दुप्पट नाही, साधारण आठपट होतं. पलीकडे जेएनपीएचं (जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचं) कंटेनर बंदर असल्यामुळे हे गणित इथे फारच महत्त्वाचं.

12 जानेवारी 2024 रोजी खुला झालेला हा 21.8 किलोमीटरचा पूल देशातला सर्वांत लांब सागरी सेतू. त्यातले सुमारे 16.5 किलोमीटर समुद्रावर. मुंबईहून गोवा आणि पुण्याच्या रस्त्यांना लागायला आता वाशीला वळसा घालावा लागत नाही. दुचाकी आणि रिक्षांना मात्र बंदी.

शिवडीच्या चिखलावर रोहित पक्षी उतरतात, म्हणून पायाच्या खोदकामात कमी आवाजाची रिव्हर्स सर्क्युलेशन ड्रिलिंग पद्धत वापरली. भाभा अणुसंशोधन केंद्रासमोरच्या टप्प्यात कठड्यावर पडदे लावलेले आहेत. तेवढ्या पट्ट्यात खिडकीतून तुर्भ्याची (ट्रॉम्बेची) टेकडी शोधू नका.